हुजुराच्या वर कोण?

नेवासे परगण्यात, प्रवरेकाठच्या एखाद्या गावी, अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी पाटीलकीवरून दोन भाऊबंदांत तंटा पेटला असं समजा. थोरली पाती कुणाची, होळीला पोळीचा मान कुणाचा, पोळ्याला कुणाचा बैल पुढे, सरकारी कागदावर नांगराची निशाणी कुणी करायची. आज हे मान वरवरचे वाटतील, पण त्यांच्यामागे वतन होतं, वतनामागे जमीन आणि हक्क होते. म्हणून असा तंटा आजोबाने सुरू करावा आणि नातवाने पुढे चालवावा, असंच चाले. आज अहिल्यानगर जिल्ह्यातला माणूस तालुक्याच्या कोर्टात हरला तर जिल्हा न्यायालयात जातो, तिथून उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात, आणि पैसा व चिकाटी टिकली तर दिल्लीला. प्रत्येक पायरीवर वरचा न्यायाधीश खालच्याचा निकाल तपासतो. मराठी राज्यातली वाट याहून वेगळी होती. आमचा तंटेखोर पाटील सरळ हुजुरात, म्हणजे राजाच्या किंवा पेशव्यांच्या पायाशी गेला, तरी बहुतेक वेळा त्याच्या हाती एक कागद पडे आणि त्या कागदाने त्याची वाट पुन्हा गावाकडेच वळे.

राज्यातलं सगळ्यांत मोठं न्यायासन तंटा ऐकतं आणि खाली पाठवतं. ही टाळाटाळ नव्हती. त्या राज्याची न्यायाची कल्पनाच तशी होती. ती समजली की मराठी इतिहासातला सर्वांत गाजलेला खटला, रामशास्त्री प्रभुणे विरुद्ध रघुनाथराव पेशवे असं ज्याला म्हणता येईल तो, वेगळ्या उजेडात दिसतो. त्या खटल्यातला आरोपी आयुष्याच्या शेवटी आपल्याच जिल्ह्यात, कोपरगावला येऊन राहिला.

आधी रचना पाहू. 6 जून 1674 रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला आणि शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत न्यायाधीश हे पद आलं. निराजी रावजी त्या पदावर होते. धर्मशास्त्राच्या बाबी पंडितरावांकडे, आणि बाकीचे तंटे पाहून निवाडपत्रावर चिन्ह करण्याचं काम न्यायाधीशांकडे. पण न्यायाधीश म्हणजे स्वतंत्र न्यायालय नव्हे. सर्वोच्च न्यायासन खुद्द राजाचं. न्यायाधीश त्याच्या वतीने आणि त्याच्या नावाने निवाडा करी. 1749 मध्ये शाहू महाराज वारले, तेव्हापासून राज्याचा कारभार साताऱ्याहून पुण्याला सरकला, आणि हुजूर म्हणजे व्यवहारात पेशवा झाला. नावाने मात्र साताऱ्याचे छत्रपती त्याच्याही वर होते. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

आता आमच्या पाटलाचा कागद. हुजुरातून परगण्याच्या अधिकाऱ्याला हुकूम जाई की अमक्या दोघांचा वाद आहे, गोत मिळवून मनसुबी, म्हणजे चौकशी आणि निवाडा, करा. गोत म्हणजे नुसते नातलग नव्हेत. गावचे पाटील, कुलकर्णी, चौगुला, बलुतेदार, शेजारच्या गावांचे पाटील, पेठेतले शेटे-महाजन, परगण्याचे देशमुख-देशपांडे आणि सरकारी अंमलदार, असे सगळे बसले की ती मजालस. वादी आपली तकरीर, म्हणजे आपली बाजू, लिहून देई, प्रतिवादी आपली. त्यात घराण्याची हकिगत खापरपणजोबापासून असे: कुणी गाव वसवलं, दुष्काळात कोण परागंदा झालं, कोण मागे राहून शेतसारा भरत राहिलं. जुने महजर, म्हणजे आधीच्या मजालसींचे निवाड्याचे कागद, खुर्दखतं, कौल पुढे ठेवले जात. मग साक्षी. गावाच्या शिवेचा वाद असेल तर महाराच्या साक्षीला फार वजन, कारण शीव पायाखाली घातलेला माणूस तोच. पाटील जे कागदावरून सांगे ते तो जमिनीवरून दाखवी. वकील नसत. प्रश्न मजालसच विचारी आणि त्याची पुरसीस लिहून ठेवली जाई.

यातली सगळ्यांत मोलाची गोष्ट तकरिरीबरोबर घेतला जाणारा राजीनामा. आज राजीनामा म्हणजे नोकरी सोडण्याचं पत्र. त्या काळी दोन्ही पक्ष तो मनसुबी सुरू होण्याआधी लिहून देत: या थळी (न्यायाच्या ठिकाणी), या गोतापुढे जो निवाडा होईल त्यास आम्ही राजी आहोत. शिवाय जामीन द्यावा लागे. निवाडा झाला की हरलेल्याकडून येजितखत घेतलं जाई, म्हणजे आपला दावा खोटा ठरला आणि यापुढे आपण किंवा आपले वंशज कटकट करणार नाही, अशी कबुली. जिंकलेला सरकारात हरकी भरी, हरलेला गुन्हेगारी. निवाड्याची अंमलबजावणी कशावर टिके? फौजेवर क्वचितच. ज्यांच्यासमोर आपण राजी झालो आणि ज्यांच्यासमोर हार लिहून दिली, त्यांच्यातच उद्या राहायचं होतं. मुलीचं लग्न त्यांच्यात, नांगराचा फाळ त्यांच्या लोहाराकडे. ते गोत हेच अंमलबजावणीचं बळ.

कागदही नाहीत आणि साक्षीही जुळत नाहीत, अशी अवस्था आली की दिव्य. रवादिव्यात तेल-तूप उकळून त्यात धातूचा तुकडा टाकत. त्याआधी हात धुऊन, नखं काढून, जुने वण पाहून ठेवलेले असत. तो रवा हाताने काढायचा, मग हातावर पिशवी बांधून मोहर करायची आणि तिसऱ्या दिवशी मजालसीपुढे ती सोडायची. हात भाजला असेल तर दावा खोटा. नदीत उभं राहून शपथ घेण्याचा सौम्य मार्गही होता. हे वाचताना आज अंगावर काटा येतो आणि यावाच. तेलाला खरं-खोटं कळत नाही. पण दिव्य हा न्यायाचा पहिला उपाय नव्हता. माणसांचा पुरावा संपल्यावरचा तो शेवटचा दरवाजा होता, आणि त्या दारापाशी पोहोचताच अनेक तंटे तडजोडीने मिटत.

या व्यवस्थेचा मोठा दोष दुसरीकडे होता. गोत म्हणजे गावची उतरंड जशीच्या तशी. ज्याची साक्ष शिवेच्या तंट्यात निर्णायक, त्याला मजालसीत बसायची जागा मात्र कडेला. जातीच्या आणि प्रायश्चित्ताच्या बाबी ब्रह्मसभेकडे जात, आणि गोदावरीच्या त्या तीरावरचं पैठण हे अशा सभेचं मोठं पीठ. आपल्या जिल्ह्याच्या स्मरणात हे पीठ कायमचं आहे: आईवडिलांच्या देहान्तानंतर निवृत्ती-ज्ञानदेवादी भावंडांना शुद्धिपत्रासाठी पैठणला जावं लागलं, ही परंपरेने सांगितलेली कथा. त्यानंतर 1290 मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली. समाजाच्या संमतीवर उभा असलेला न्याय, संमती नाकारलेल्या माणसाला किती निष्ठुर होऊ शकतो, याचं याहून जवळचं उदाहरण मला दुसरं आठवत नाही.

ही पद्धत मराठी राज्याने शून्यातून घडवली नव्हती. 1490 मध्ये मलिक अहमदने स्थापलेल्या निजामशाहीत, जिची राजधानी म्हणून हे नगर वसलं, गोतसभा चालूच होती. काजी आणि हवालदार मजालसीत बसत, देशमुख-पाटील त्यांच्या शेजारी. महजर, मजालस, तकरीर, राजीनामा ही सगळी दप्तराची भाषा त्याच काळातून आली. राजे बदलले, शहर निजामशाहीकडून मुघलांकडे आणि 1759 मध्ये किल्ल्यासह पेशव्यांकडे आलं, तरी गावच्या पारावर बसणारी माणसं बदलली नाहीत. वि. त्र्यं. गुणे यांनी 1953 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मराठ्यांच्या न्यायपद्धतीचा या महजरांवरून आणि निवाडपत्रांवरून बारकाईने अभ्यास केला. त्यातून दिसतं ते हेच, की ही व्यवस्था वरून खाली उतरलेली नसून खालून वर गेलेली होती.

इथे रोमकडे पाहिलं तर फरक चटकन कळतो. रोमन साम्राज्यात सम्राट हेच अखेरचं न्यायासन होतं. दूरच्या प्रांतातला नागरिक सीझरकडे दाद मागू शकत असे. ख्रिस्ताचा प्रेषित पॉल याने ती मागितली आणि तो कैदी म्हणून रोमला नेला गेला, ही गोष्ट बायबलमध्ये आहे. सम्राट आपल्या सल्लागार मंडळात कायदेपंडित बसवून निकाल देई, आणि तो निकाल पुढच्या निकालांना कायदा ठरे. उल्पियन या पंडिताने तर सम्राट कायद्याने बांधलेला नाही, असा सिद्धान्तच मांडला. आपल्याकडे राजा धर्माच्या आणि वहिवाटीच्या वर मानला जात नव्हता. हुजुराचा निवाडा म्हणजे नवा कायदा नव्हे. गोताला ठाऊक असलेली वहिवाट शोधून ती कायम करायची, एवढंच काम. रोमचा न्याय सम्राटाच्या मुखातून निघे, आपला न्याय हुजूर गोताच्या मुखातून ऐके.

आणि तरीही एका प्रसंगी दोन्ही राज्यांसमोर हुबेहूब तोच प्रश्न उभा राहिला. इ. स. 211 मध्ये रोमन सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस वारला आणि कॅराकॅला व गेटा हे त्याचे दोन मुलगे एकत्र गादीवर आले. त्याच वर्षाच्या अखेरीस कॅराकॅलाने गेटाला मारवलं. तो आईच्या कुशीत शिरला असता तिथेच त्याच्यावर घाव पडले. पेपिनियन हा त्या काळातला सर्वांत थोर कायदेपंडित, सेव्हेरसच्या राज्यातला सम्राटाखालोखालचा न्यायाधिकारी. या खुनाचं समर्थन करणारं भाषण लिहून द्यायला त्याने नकार दिला, खून करणं त्याचं समर्थन करण्याइतकं अवघड नसतं अशा अर्थाचं उत्तर दिलं, असं जुने लेखक सांगतात. उत्तर खरं असो वा रचलेलं, 212 मध्ये पेपिनियनला ठार केलं गेलं हे खरं. पुढे 426 मध्ये रोमन कायद्याने ठरवलं की पाच प्रमाण पंडितांची मतं समसमान विभागली गेली तर पेपिनियनचं मत मानावं. सम्राटाने मारलेल्या माणसाचा शब्द दोनशे वर्षांनी सम्राटांच्याच कायद्यात निर्णायक झाला.

आता पुणे. रामशास्त्री प्रभुणे साताऱ्याजवळच्या माहुलीचे. तरुणपणापर्यंत त्यांचं शिक्षण झालं नव्हतं, सावकाराच्या घरी चाकरी करताना कुणाचं तरी बोलणं जिव्हारी लागलं आणि ते काशीला जाऊन शास्त्री होऊन आले, असं सांगतात. 1759 मध्ये ते न्यायाधीश झाले. माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत या पदाला जे वजन आलं ते त्यांच्यामुळे. तरुण माधवराव जपजाप्यात फार वेळ घालवू लागले तेव्हा शास्त्र्यांनी त्यांना सुनावलं की, ब्राह्मणाचं कर्म करायचं असेल तर गादी सोडून गंगेवर चला, मीही येतो. गादीवर बसायचं असेल तर रयतेचा सांभाळ हेच तुमचं अनुष्ठान. ही हकिगत मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने नोंदवली आहे. माधवरावांनी ऐकलं. न्यायाधीशाचा शब्द ऐकणारा राजा असला की न्यायासन उंच दिसतं. ती उंची राजाचीही असते, हे आपण विसरतो.

माधवरावांच्या काळातलाच एक प्रसंग आपल्या जिल्ह्याला दुहेरी जवळचा आहे. 1767 मध्ये इंदूरला होळकर दौलतीचे धनी मालेराव होळकर वारले. होळकरांचा दिवाण गंगाधर यशवंत याने रघुनाथरावांना गळ घातली की दौलत ताब्यात घ्यावी, आणि रघुनाथराव फौजेनिशी माळव्यात उतरले. जामखेड तालुक्यातल्या चौंडी गावी 1725 मध्ये जन्मलेली, मल्हाररावांची सून अहिल्याबाई त्यांच्यासमोर उभी राहिली. तिने लढाईची तयारी केली आणि त्याचबरोबर पेशव्यांकडे दाद मागितली. माधवरावांनी कौल तिच्या बाजूने दिला, आपल्या सख्ख्या काकाच्या विरुद्ध. हुजुराने हुजुराच्या घरच्याला आवरल्याचं हे उदाहरण. पुढे त्याच अहिल्याबाई महेश्वरी रोज खुल्या दरबारात बसून रयतेच्या फिर्यादी स्वतः ऐकत, असं ब्रिटिश अधिकारी जॉन माल्कमने लिहून ठेवलं. 2024 मध्ये जिल्ह्याला त्यांचं नाव मिळालं तेव्हा घाट आणि देवळं यांची आठवण सगळ्यांनी काढली. हा दरबार मला त्यांहून मोठा वाटतो.

18 नोव्हेंबर 1772 रोजी थेऊरला माधवराव गेले आणि धाकटे नारायणराव पेशवे झाले. काका रघुनाथराव शनिवारवाड्यातच नजरकैदेत होते. 30 ऑगस्ट 1773 रोजी भर दुपारी पगाराच्या थकबाकीचं निमित्त करून गारदी शिपाई वाड्यात घुसले. सुमेरसिंग गारदी पुढे होता. अठरा वर्षांचे नारायणराव काकांच्या खोलीत धावले, त्यांना मिठी मारली, आणि तिथेच त्यांना कापून काढलं. 'ध'चा 'मा' केल्याची, म्हणजे 'धरावे' या शब्दाचं 'मारावे' झाल्याची, आणि ते आनंदीबाईंनी केल्याची गोष्ट मराठी घराघरांत आहे. तो कागद मात्र सापडलेला नाही. गोष्टीने बाईला जितकं दोषी केलं तितकं पुराव्याने केलेलं नाही, हे इथे स्पष्ट म्हटलं पाहिजे. रघुनाथराव कटात होते, याबद्दल मात्र तत्कालीन माणसांना शंका नव्हती.

साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रं आली ती रघुनाथरावांना. म्हणजे ज्याच्यावर खुनाचा संशय, तोच आता हुजूर. आणि हुजुराच्या वर कोण? कागदोपत्री छत्रपती रामराजे. पण ते साताऱ्यात, सत्तेविना. राज्याच्या सगळ्या न्यायाचा शेवटचा धागा ज्याच्या हाती, त्याच्याच विरुद्ध फिर्याद असेल तर ती दाखल कुठे करायची? कुणी फिर्यादी पुढे आला नाही. रामशास्त्री मात्र स्वतःहून चौकशीला लागले. ग्रँट डफच्या म्हणण्याप्रमाणे सुमारे सहा आठवडे त्यांनी गुपचूप पुरावा गोळा केला आणि मग ते रघुनाथरावांसमोर जाऊन उभे राहिले. रघुनाथरावांनी धरण्याचा हुकूम आपण दिला, मारण्याचा नाही, असं सांगितलं आणि प्रायश्चित्त विचारलं. शास्त्र्यांचं उत्तर होतं देहान्त. दुसरं प्रायश्चित्त नाही, आणि तुम्ही गादीवर आहात तोवर मी पुण्यात पाऊल टाकणार नाही. ते पद सोडून वाईजवळच्या गावी निघून गेले.

रामशास्त्र्यांचं धैर्य आपण लहानपणापासून ऐकतो आणि ते ऐकण्यासारखंच आहे. पण गोष्ट सांगताना आपण जिथे थांबतो, खरा प्रश्न तिथून सुरू होतो. निवाडा झाला, पुढे काय? आधीच्या सगळ्या पद्धतीत निवाड्याला तीन आधार असत: दोन्ही पक्षांचा राजीनामा, गोताची हजेरी आणि हरलेल्याचं येजितखत. इथे एकही नव्हता. आरोपी राजी नव्हता, मजालस बसली नव्हती, हार लिहून द्यायला कुणी तयार नव्हतं. पाटलाला हुजूर खाली गोताकडे पाठवू शके, कारण पाटलाला गोत होतं. पेशव्याचं गोत कोणतं? रोमने हा प्रश्न पेपिनियनचं डोकं उडवून मिटवला. पुण्यात न्यायाधीश जिवंत परत गेला आणि प्रश्न उघडा राहिला.

माझ्या वाचनाप्रमाणे पुढच्या काही महिन्यांत या खटल्याला त्याची मजालस मिळाली. आपण तिला बारभाईंचं कारस्थान म्हणतो. नाना फडणवीस, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके आणि इतर मुत्सद्दी-सरदार एकत्र आले आणि त्यांनी रघुनाथरावांना पेशवा मानायचं नाकारलं. नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. तिला पुरंदरावर सुरक्षित नेऊन तिच्या नावाने कारभार सुरू झाला आणि 18 एप्रिल 1774 रोजी सवाई माधवरावांचा जन्म झाला. यात सत्तेचे हिशेब नव्हते असं कोण म्हणेल? होतेच. गोतसभेतही भाऊबंदकीचे हिशेब असतच. पण राज्याच्या कर्त्या माणसांनी एकत्र बसून अमुक माणूस या गादीचा हक्कदार नाही असं ठरवणं, आणि ते ठरवणं टिकणं, हे गावच्या न्यायाचंच मोठं रूप आहे. राज्यकर्त्यांनी रामशास्त्र्यांना पुढे सन्मानाने परत बोलावून त्यांच्या पदावर बसवलं. 25 ऑक्टोबर 1789 रोजी ते वारले.

हरलेला पक्ष निवाडा न मानता दुसऱ्या थळी जातो, हेही जुनंच. रघुनाथरावांनी मुंबईकर इंग्रजांचं थळ धरलं. 6 मार्च 1775 रोजी सुरतेचा तह झाला, साष्टी-वसईचं मोल ठरलं, आणि एका घरातल्या खुनाचा वाद मराठे-इंग्रजांचं पहिलं युद्ध होऊन बसला. पुरंदरचा तह, वडगावला इंग्रज फौजेची शरणागती, गुजरातेतल्या मोहिमा, असं सात वर्षं चाललं. 17 मे 1782 रोजी महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला, त्यात इंग्रजांनी रघुनाथरावांचा पक्ष सोडला. दरमहा पंचवीस हजार रुपये तैनात ठरली आणि राहायची जागा त्यांनी निवडावी असं ठरलं. त्यांनी कोपरगाव निवडलं.

गोदेकाठचं कोपरगाव त्यांचं आधीपासून आवडीचं. तिथे त्यांचा वाडा होता, बेटावर शुक्राचार्यांचं देऊळ, जवळच हिंगणी. अटकेपार गेलेल्या मोहिमेचा सेनापती, काही महिन्यांचा पेशवा, आता पुण्याच्या कारभाऱ्यांच्या तैनातीवर त्या तीरावर राहू लागला. ते फार जगले नाहीत, 11 डिसेंबर 1783 रोजी वारले. सालबाईच्या तहात खुनाचा निवाडा म्हणून काही लिहिलेलं नाही. पण गादीवरचा हक्क सोडायचा, ठरलेल्या जागी राहायचं, ठरलेली नेमणूक घ्यायची, यापुढे कटकट करायची नाही: मजकूर काढून पाहिला तर हे येजितखतच आहे. जवळजवळ नऊ वर्षं उशिरा आणि परक्यांच्या साक्षीने लिहून घेतलेलं.

मात्र हे संमतीचं बळ माणसांवर अवलंबून होतं आणि माणसं गेली की ते गेलं. सवाई माधवराव 1795 मध्ये वारले, आणि पुढच्या वर्षी रघुनाथरावांचाच मुलगा दुसरा बाजीराव पेशवा झाला. 1797 च्या अखेरीस दौलतराव शिंद्यांनी नाना फडणवीसांना दग्याने पकडलं आणि नगरच्या किल्ल्यात ठेवलं. तकरीर नाही, मजालस नाही, आरोप काय तेही कुणी लिहिलं नाही. पैशाचा आणि राजकारणाचा सौदा जमला तेव्हा पुढच्या वर्षी त्यांना सोडलं. कोपरगाव आणि नगरचा किल्ला यांत पंधरा वर्षांचं अंतर आहे. पहिल्या ठिकाणी दोषी माणूसही कराराने राहिला, दुसऱ्या ठिकाणी राज्याचा सर्वांत जुना कारभारी हुकमावाचून कोंडला गेला. पेशवाई 1818 मध्ये संपली असं आपण शिकतो. तिचा न्याय त्याच्या वीस वर्षं आधीच संपला होता.

इंग्रजांनी मुलूख घेतला तेव्हा त्यांचा दख्खनचा कमिशनर एल्फिन्स्टन याने पेशव्यांकडून जिंकलेल्या प्रदेशावर 1819 मध्ये अहवाल लिहिला. त्यात पंचायतीवर बरंच लिहिलं आहे: ती संथ आहे, निवाडा अमलात आणायला दुबळी आहे, पण लोकांना ती समजते आणि आपली वाटते. नगरचा पहिला कलेक्टर हेन्री पॉटिंजर होता, त्याच्यासारख्या अधिकाऱ्यांना पंचायती चालू ठेवण्याच्या सूचना होत्या. चालल्या नाहीत. 1827 च्या कायद्यांनी अदालती पक्क्या झाल्या, पंचायत ऐच्छिक झाली, आणि जिच्या निवाड्यावर अदालतीत अपील होतं तिच्यापुढे हार लिहून द्यायला कोण बसेल? दुसरीकडे हेही खरं की या अदालतीच्या दारात ज्याला गोताने कडेला बसवलं होतं तो माणूस निदान कागदावर इतरांच्या बरोबरीचा फिर्यादी झाला.

जुन्या न्यायासनाचे कागद मात्र टिकले, आणि ते टिकण्याचं कारण त्या पद्धतीतच होतं. मूळ निवाडपत्र जिंकलेल्याच्या घरी राही, कारण पुढच्या पिढीला तोच पुरावा. 1852 च्या कायद्याने इनामांचे हक्क तपासणाऱ्या इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि दाखले मागितले जाऊ लागले, तेव्हा घरोघरच्या पेट्यांतून हे महजर बाहेर निघाले. पुढे वि. का. राजवाड्यांनी गावोगाव फिरून असे कागद जमवले, 1910 मध्ये पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, आणि नगरलाही 1960 पासून वस्तुसंग्रहालयात मोडी कागदांचा मोठा संग्रह आहे. अजूनही पारनेर, शेवगाव, श्रीगोंद्याच्या जुन्या वाड्यांत रुमालात बांधलेले कागद असतील. ते रद्दीत घालण्याआधी मोडी जाणणाऱ्याला दाखवावेत, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. निवाडपत्र ओळखायला सोपं असतं. आधी कालाचा उल्लेख, मग हजीर मजालस म्हणून माणसांची लांबच लांब यादी, मग एका पक्षाची तकरीर, दुसऱ्याची, पुरसीस, साक्षी आणि निवाडा. पाटलाचा नांगर, लोहाराचा हातोडा, न्हाव्याचा आरसा अशा निशाण्या दिसल्या तर तो महजर समजावा आणि यादी सावकाश वाचावी, कारण त्या काळातल्या आपल्या गावच्या बलुतेदारांची नावं दुसऱ्या कागदांवर सहसा सापडत नाहीत.